शिकारीचे मांस

रानटी पशुपक्ष्यांची शिकार करून मिळवलेले खाद्य मांस. यात मुख्यतः हरीण, रानडुक्कर, ससा, अस्वल, तितर आणि रानबदक यांचे मांस येते. पाळीव जनावराच्या मांसामागे कत्तलखाना, पशुवैद्य व शीतगृह असते. शिकारीत ही तिन्ही कामे बहुधा शिकाऱ्यालाच करावी लागतात. मांस खाण्याजोगे राहील की नाही, हे गोळी लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरते.

जाड कातडे आणि आतड्यांत चालू राहणारे किण्वन (अन्न आंबण्याची क्रिया) यांमुळे मेलेले जनावर बराच वेळ ऊबदार राहते व जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पोट लवकर उघडतात. सुरीची धार वरच्या बाजूला ठेवायची, पात्याच्या दोन्ही अंगांना दोन बोटे घालून कातडे उचलून धरायचे आणि चीर पुढे न्यायची. टोक आत रुतले तर जठरातला हिरवट रस मांसावर सांडतो. असा माखलेला भाग धुण्यापेक्षा कापून टाकणे चांगले. पाण्याने घाण पसरते. मग पोकळीत हवा खेळती ठेवून मांस लवकरात लवकर ४° से.च्या खाली न्यावे. गोळी लागण्याआधीच सुस्त किंवा लडखडत चालणारे जनावर खाण्यासाठी घेऊच नये.

सशातून तुलारेमिया हा जिवाणूजन्य रोग होऊ शकतो. त्याचे जंतू हातावरच्या बारीक ओरखड्यातूनही शिरतात, म्हणून सोलताना हातमोजे हवेतच. रानडुक्कर व अस्वल यांच्या स्नायूंत ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो. खारवणे, वाळवणे किंवा धुरी देणे यांवर येथे भरवसा ठेवता येत नाही. गोठवणेही पुरेसे नाही, कारण थंड प्रदेशातल्या या कृमीच्या काही जाती गोठूनही जगतात. खरा उपाय शिजवणे हाच: आतल्या भागाचे तापमान ७१° से., पक्ष्यांच्या बाबतीत ७४° से. ते तापमापकानेच पाहावे; मांसाचा रंग फसवतो.

हरणांना झिजवून मारणाऱ्या क्षयकारी रोगापुढे मात्र चूल हतबल आहे. १९६७ साली अमेरिकेतील कोलोरॅडोत प्रथम आढळलेल्या या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी विकृत प्रथिने) शिजवल्याने नष्ट होत नाहीत. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही; तरीही रोगग्रस्त भागात तपासणी करून घ्यावी आणि बाधित जनावराचे मांस खाऊ नये.

शिशाचा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो सर्वांत दुर्लक्षित आहे. शिशाची गोळी हाडावर आदळून फुटते आणि तिचे कण जखमेपासून दूरवर पसरतात. ते दातालाही जाणवत नाहीत. व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थात मांस मुरवल्यास शिसे अधिक विरघळते. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना असे मांस देऊच नये. तांब्याची गोळी वापरल्यास हा प्रश्न उरत नाही.

शिकारीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. शिकारीला परवानगी असलेल्या बहुतेक देशांत परवाना, हंगाम आणि किती जनावरे मारता येतील याची मर्यादा ठरलेली असते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. युरोपीय संघात बाजारात येणाऱ्या रानडुकराच्या मांसाची ट्रिकिनेलासाठी तपासणी सक्तीची आहे. अमेरिकेत शिकार केलेल्या रानटी हरणाचे मांस सर्वसाधारणपणे विकता येत नाही. चोरट्या शिकारीचे मांस यांपैकी कोणत्याही तपासणीतून जात नाही, त्यामुळे ते खाणाऱ्याला त्याचा उगम किंवा जनावराची प्रकृती कळण्याचा मार्ग नसतो.