धडधड वाढली की लगेच शांत व्हायचं?

‘पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी तीव्र भीती) आला की खोल श्वास घ्या, पाणी प्या, बसून घ्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतंही. पण मेंदू शिकतो ते एवढंच, की ‘पाणी होतं म्हणून वाचलो’. मग बाटलीशिवाय लोकल पकडवत नाही.

धडधडीची, चक्करेची भीती खरोखर कमी करायची तर ती संवेदना मुद्दाम आणावी लागते. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर सराव नको, तपासणी हवी.

नंतर थेरपिस्टसोबत: १ मिनिट जोरजोरात श्वास, नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून २ मिनिटं श्वास, फिरत्या खुर्चीत १ मिनिट गरगर. सुरू करण्याआधी काय होईल असं वाटतंय आणि त्याची किती खात्री आहे ते कागदावर लिहा, ‘बेशुद्ध पडेन, खात्री शंभरपैकी ८०’. झाल्यावर खरं काय घडलं ते शेजारी लिहा. शिकणं होतं ते या तफावतीतून. भीती त्याच वेळी किती उतरली, हे मोजत बसू नका.

बिघडतं कुठे? घाबरल्याबरोबर थांबण्यात, आणि दोन फेऱ्यांमध्ये रिलॅक्सेशन करण्यात. ही दुसरी चूक तर अनेकदा काळजीपोटी शिकवली जाते, म्हणून ठासून सांगतोय.

शिवाय क्लिनिकमध्ये गेलेली भीती जागा बदलली की परत येऊ शकते. म्हणून दादरच्या पुलाचे जिने भरभर चढा आणि धडधड चालू असतानाच डब्यात उभे राहा: आधी दुपारी, मग संध्याकाळच्या गर्दीत, कधी एकट्याने. बाटली आणि ‘असू दे’ म्हणून खिशात ठेवलेली घबराटीची गोळी, दोन्ही घरी.