आईचे कच्चे दूध आणि सीएमव्ही : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गर्भारपणाच्या २६-२८ व्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला आईचे दूध तसेच द्यावे की त्यावर काही प्रक्रिया करावी, हा वाद नवजात अतिदक्षता विभागांत गेली पंचवीस वर्षे चालू आहे. त्याच्या मुळाशी सायटोमेगॅलो हा विषाणू, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीएमव्ही. पोटात असतानाच लागण झालेल्या बाळांचे प्रश्न निराळे. ते इथे घेतलेले नाहीत.

आधी संशय रक्तावर होता. किलोभर वजनाच्या बाळाचे रक्त तपासणीसाठी वारंवार काढावे लागते, मग ते भरावेही लागते. ज्यांच्या रक्तात सीएमव्हीविरोधी प्रतिपिंडे नाहीत अशाच दात्यांचे रक्त दिले तर ही लागण टळते, हे १९८१ साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. विषाणू पांढऱ्या पेशींत दडून राहतो, म्हणून पुढे रक्तातून त्या पेशी गाळून काढण्याची पद्धत आली. ही वाट बरीचशी बुजली, तरी लागण होतच राहिली.

उरले दूध. त्यात हा विषाणू सापडतो हे साठच्या दशकापासून माहीत होते, पण पूर्ण दिवसांच्या बाळांना त्याचा फारसा त्रास होत नसल्याने कोणी मनावर घेतले नाही. शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून मिळणारी आईची प्रतिपिंडे त्यांच्याकडे असतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ नेमके तिथेच कमी पडते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासाने चित्र स्पष्ट केले: पूर्वी लागण होऊन गेलेल्या जवळजवळ सर्व आयांच्या दुधात विषाणू पुन्हा जागा होतो आणि एक तृतीयांशाहून थोड्या अधिक आयांकडून तो बाळापर्यंत पोहोचतो. चिकात तो कमी असतो, पुढच्या काही आठवड्यांत वाढतो.

बहुतेक बाळांत काहीच दिसत नाही. काहींत मात्र, वजन नीट वाढत असताना, एखाद्या दिवशी रंग राखाडी पडतो, श्वास मधेच थांबू लागतो, प्लेटलेट्स उतरतात. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होते आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही.

खरी ओढाताण उपायावर आहे. दूध उणे २० अंशांवर गोठवले तर विषाणू घटतो, पण नाहीसा होत नाही. ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवले तर तो मरतो. मात्र दुधातल्या जिवंत पेशी आणि चरबी पचवणारे लायपेजही जाते, संरक्षक प्रतिपिंडे घटतात. म्हणून जर्मनीत ६२ अंशांवर अवघी ५ सेकंदे तापवण्याची पद्धत काढली गेली. जर्मनी-ऑस्ट्रियातील तज्ज्ञांचा कल अगदी लहान बाळांसाठी दुधावर प्रक्रिया करण्याकडे राहिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या २०१२ च्या निवेदनाने उलट भूमिका घेतली: ताज्या दुधाचा फायदा या जोखमीपेक्षा मोठा.

या दोन बाजू आपल्याकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. भारतात बाळंतपणाच्या वयापर्यंत बहुसंख्य स्त्रियांना सीएमव्ही होऊन गेलेला असतो. जर्मन नियम शब्दशः लावला तर जवळपास प्रत्येक आईचे दूध तापवावे लागेल, आणि इथल्या विभागांत बाळे दगावतात ती मुख्यतः जिवाणूंच्या संसर्गाने, ज्याविरुद्ध ताजे दूधच मोठा आधार आहे. मुंबईत शीवला १९८९ साली दूधपेढी सुरू झाली, तिथेही पाश्चरीकरण होते ते दात्या आयांच्या दुधाचे. ‘पेढीत तापवतात, मग सख्ख्या आईचे का नाही?’ असे नातेवाईक विचारतात. पण परक्या दुधातून येऊ शकणाऱ्या एचआयव्हीसारख्या संसर्गांचा विचार तिथे असतो; आईचे दूध आणि बाळ हे नातेच वेगळे.

श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूबाबत अशी कोंडी झाली नाही. १९९८ पासून अमेरिकेत दरमहा टोचायचे प्रतिपिंड मिळू लागले. ते इतके महाग की २०१४ साली तिथे ते मुख्यतः २९ आठवड्यांआधी जन्मलेल्यांपुरते मर्यादित करण्याची शिफारस झाली. २०२३ मध्ये एका डोसात हंगामभर पुरणारे प्रतिपिंड आणि गर्भवतींसाठी लस, दोन्हींना तिथे मंजुरी मिळाली. गर्भवतीला दिलेल्या लशीची प्रतिपिंडे वारेतूनच जातात, त्यामुळे फार लवकर जन्मलेल्या बाळाला तिचा लाभ कमीच. सीएमव्हीवर बाजारात लस नाही. बाळ खरोखर आजारी पडले तर गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध वापरतात, तेही पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना यावर लक्ष ठेवून.