हेरकादंबऱ्यांचे मालिकावाचन (सोलापूर)

हेरकादंबऱ्यांचे मालिकावाचन : एकाच हेराभोवती वा हेरखात्याभोवती रचलेल्या वास्तववादी कादंबऱ्या ओळीने वाचण्याचा प्रघात. प्रस्तुत नोंद सोलापूरच्या मराठी वाचकांपुरती आहे.

संज्ञा : मराठीत ‘गुप्तहेर’ हा एकच शब्द खुनाचा छडा लावणारा आणि परराज्याची गुपिते काढणारा अशा दोघांनाही चालतो. पहिला अर्थ रुळण्यात बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा वाटा मोठा असावा. ‘हेर’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काहींनी ती संस्कृत कोशांतील ‘हेरिक’कडे नेली, तर काहींनी प्राकृत ‘हेरइ’ (पाहतो, शोधतो) या धातुरूपाकडे. मराठी ‘हेरणे’ याच कुळातले. ‘हेरिक’ उत्तरकालीन कोशांत आढळतो. तो प्राकृतावरूनच संस्कृतात शिरला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कन्नडमध्ये तपास करणारा ‘पत्तेदार’ आणि हेर ‘गूढचार’. तेलुगूतही हेराला ‘गूढचारि’ हा वेगळा शब्द आहे. घरात कन्नड वा तेलुगू आणि वाचनालयात मराठी अशा सोलापुरी वाचकाला म्हणूनच मराठीतला हा घोळ चटकन जाणवतो. शत्रूच्या खात्यात वर्षानुवर्षे दडून राहणाऱ्याला इंग्रजीत ‘मोल’ म्हणतात. त्याचे शब्दशः भाषांतर करू गेल्यास जवळचा प्राणी घूस, आणि मराठीत घूस म्हटले की लाच आठवते. ‘घरभेदी’ हा जुना शब्द पुरेसा आहे.

पूर्वपीठिका : कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात हेरांची तपशीलवार व्यवस्था आहे. ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथे शतक ते इसवी सनाची पहिली काही शतके असा निरनिराळा मानतात. सध्याचे स्वरूप उत्तरकालीन असावे. हेरांनी एकमेकांना ओळखू नये आणि तिघांची खबर जुळली तरच ती खरी धरावी, हे त्यातले दोन नियम. आधुनिक वास्तववादी हेरकादंबरीचे कथानक बहुधा या दोहोंपैकी एक मोडल्यावरच सुरू होते. या प्रकाराचा उगम 1903 च्या सुमारास इंग्लंडमध्ये धरतात.

वाचनक्रम : प्रकाशनक्रम की कथाकालक्रम, हा मुख्य वाद. ब्रिटिश कादंबरीकार लेन डेटन यांच्या बर्लिनकेंद्री मालिकेत (1983–96) नऊ भाग आहेत. शिवाय नायकाच्या आधीच्या पिढीची कादंबरी 1987 मध्ये, मधेच आली. पहिल्या पाच भागांत नायक स्वतःच निवेदक आहे. सहाव्यात निवेदन तृतीयपुरुषी होते आणि त्याला जे दिसले नव्हते ते वाचकाला दिसते. सहावा आधी वाचल्यास पाचही भागांतली हवा जाते. 1987 ची कादंबरी मात्र कोठेही वाचली तरी बिघडत नाही.

सोलापूर : शहराला सरहद्द नवी नाही. पूर्वेला निजामाचा मुलूख होता. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूनेच नळदुर्गाकडे निघाली. बर्लिनच्या नाक्यावरची झडती येथील जुन्या वाचकाला परकी वाटू नये. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक वाचनालये हा येथील वाचनाचा आधार. अशा वाचनालयांत पहिला-दुसरा भाग कपाटात आणि तिसरा कोणाच्या तरी घरी, हे नित्याचेच. क्रमाचा वाद तेथे आपोआप मिटतो. शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकाने पेन्सिलीने पात्रांची खरी नावे आणि टोपणनावे बाण काढून जोडलेली सापडतात. क्वचित एका नावापुढे ‘हाच तो’ असेही लिहिलेले असते. कधी ते चुकीचे निघते.