चौकी वस्तीत कशी आली: झोपडपट्टी पोलीस पंचायतीची पार्श्वभूमी

अनामी रॉय २००४ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. पुण्यात आयुक्त असताना त्यांनी वस्त्यांमध्ये एक प्रयोग करून पाहिला होता, तोच त्यांनी मुंबईत आणला. प्रत्येक झोपडपट्टीतून दहा माणसं निवडायची, त्यात सात बायका आणि तीन पुरुष. त्यांच्या जोडीला त्या वस्तीची जबाबदारी दिलेला एक पोलीस. बसायला जागा वस्तीनेच द्यायची. सभासदांना आयुक्तांच्या सहीचं ओळखपत्र मिळे, पगार मात्र नाही. हीच झोपडपट्टी पोलीस पंचायत. खून, बलात्कार, दरोडा तिच्या कक्षेबाहेर. ते थेट ठाण्यात. पंचायतीपुढे यायची ती रोजची भांडणं: नळावरची, उसनवारीची, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची.

दहात सात बायका, हे प्रमाण कुठून आलं ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

२००१ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे ५४ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. म्हणजे शहराचा निम्म्याहून मोठा भाग. पण वस्तीला पोलीस भेटायचे ते बहुधा दोनच प्रसंगी: कोणाला तरी उचलायला आले की, नाहीतर तोडक कारवाईच्या बंदोबस्ताला आले की. १९७६ मध्ये ट्रॉम्बेची जनता कॉलनी अणुशक्ती केंद्रासाठी हटवली गेली आणि तिथली माणसं चीता कॅम्पात गेली. त्या लढ्यातूनच झोपडपट्टीवासीयांचे नेते म्हणून जॉकिन अर्पुथम हे नाव पुढे आलं. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्यांवर हातोडा पडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मान्य केलं, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही. ज्याचं घरच बेकायदा, त्याने चोरीची तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढायची तरी कशी? वस्तीला पोलीस कमी पडत होते, हे अर्धंच खरं. वस्तीतल्या माणसाला पोलीस फिर्यादी म्हणून ओळखतच नव्हते, हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं.

पायरी चढलीच तर पुढे काय व्हायचं, ते भारतीय दंड संहितेतल्या ३२३, ५०४, ५०६ या कलमांची तिकडी ज्यांना पाठ आहे त्यांना ठाऊक असेल. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवून घेणार आणि हातात कागद देणार. अदखलपात्र गुन्हा म्हटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बाई तो कागद घेऊन घरी परतते, नवरा दारातच बसलेला असतो. कागदाचा उपयोग एवढाच की आता त्यालाही कळलेलं असतं ती कुठे गेली होती. आता भारतीय न्याय संहितेत या कलमांचे आकडे बदलले आहेत, पण एनसी आहेच.

हे पोलिसांना कळत नव्हतं असं नाही. ज्युलिओ रिबेरो आयुक्त असताना, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला गेला. छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईपुढे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. दुसरा धागा भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यात नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना आणि बीटवरच्या पोलिसांना एकत्र बसवण्यावर त्यांचा भर होता. बाबरी मशीद पडल्यानंतर मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली आणि पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कडक ताशेरे ओढले. भिवंडी मात्र शांत राहिली. मग मुंबईतही आयुक्त सतीश साहनी, निवृत्त झालेले रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि पोरांचे क्रिकेटचे सामनेसुद्धा झाले. त्यांवर हसणारे तेव्हाही होते.

पण मोहल्ला समितीचा जीव दंगलीच्या भीतीत होता. गल्लीत शांतता असली की बैठका ओसरायच्या. नवऱ्याचा मार काही दंगलीची वाट पाहत नाही.

तिथे महिला मिलन कामी आली. १९८६ च्या सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ही संघटना बांधली. स्पार्क ही संस्था आणि अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघ तिच्या सोबत होते. त्यांचं मुख्य काम बचतीचं. एक बाई रोज घरोघर फिरून दोन, पाच, दहा रुपये गोळा करायची. ज्यांना लिहिता-वाचता येत नसे त्यांनी हिशोबासाठी रंगीत कागदाचे तुकडे पिशवीत ठेवले होते. रंगावरून रक्कम कळायची. पैसे गोळा करणारी बाई रोज प्रत्येक दारात उभी राहते. कोणाचा हप्ता अचानक थांबला, कोणाचा डोळा सुजलाय, कोणाच्या घरी हातभट्टीचा वास येतोय, हे तिला बीट हवालदाराच्या कितीतरी आधी कळतं. पंचायतीत सात बायका असण्यामागे हे आहे. महिला आरक्षणाचा सोपस्कार म्हणून तो आकडा आलेला नाही.

पुण्यात याच संघटनेच्या बायकांनी आणखी एक काम केलं होतं. रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना, १९९९ पासून, वस्त्यांमध्ये सामुदायिक शौचालयं बांधली गेली, त्यांपैकी बरीच महिला मिलनच्या जाळ्याने. तिथे देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली दिली. अंधारात डबा घेऊन रुळाकडे किंवा नाल्याकडे जाणाऱ्या मुलीसाठी दिवा असलेलं, राखणीला माणूस असलेलं शौचालय हाही बंदोबस्तच. पोलीस खात्याच्या कागदांत तो कधी धरला गेला नाही, एवढंच.

पंचायतीवर आक्षेप होते, आणि ते फुटकळ नव्हते. मार खाणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा समेटाच्या खुर्चीवर बसवणं म्हणजे तिचा कायदेशीर हक्क पुढे ढकलणं, असं स्त्रीसंघटना तडजोडीच्या सगळ्याच मंचांबद्दल म्हणत आल्या आहेत. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला, त्यानंतर तर हा प्रश्न जास्तच टोकदार झाला. ओळखपत्र गळ्यात आलं की काही जण छोटे साहेब होतात, ही भीतीही रास्त. त्याच्या उलट बाजूला हेही खरं की ज्या घरी पोलीस कधी दाद देत नव्हते, तिथे शेजारच्या सात बायका आणि एक हवालदार एकत्र दारात उभे राहिले, तर नवऱ्याचा आवाज उतरायचा. मला दोन्ही पटतं.

सगळ्यात कच्चा दुवा वेगळाच होता. पंचायतीमागे स्वतंत्र कायदा नव्हता. आयुक्तांची सही हाच तिचा आधार. आणि आयुक्त बदलतात. रॉय २००७ मध्ये मुंबईच्या आयुक्तपदावरून गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी गावांसाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिला शासन निर्णय होता, ग्रामसभेतून निवडलेली समिती होती, गावांना रोख बक्षिसं होती. झोपडपट्टीला ग्रामसभा नसते.