स्कॅनिंगच्या आदल्या दिवशी लेणे धुऊ नये : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लेण्याची व्हर्च्युअल टूर, म्हणजे पडद्यावर लेणे फिरून पाहण्याची सोय, करून घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या देवस्थानांना, ग्रामपंचायतींना आणि शाळांना आमची एकच आग्रहाची विनंती असते : ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवसापासून लेण्यात पाणी मारू नये. मंडळी येणार म्हणून सभामंडप धुऊन काढण्यामागची आस्था आम्ही जाणतो, परंतु आमचा सर्वाधिक खोळंबा त्यामुळेच होतो.

ही टूर लेसर स्कॅनर या यंत्राने घेतलेल्या मोजमापांवरून तयार होते. स्कॅनर ट्रायपॉडवर फिरत लेसरचा किरण सोडतो आणि कातळावरून परत येणाऱ्या प्रकाशावरून एकेका बिंदूचे अंतर मोजतो. सह्याद्रीतील लेण्यांचा काळा बेसाल्ट कोरडा असतानाही प्रकाश बेताचाच परत देतो. ओला झाला की तो आणखी काळवंडतो आणि किरण क्षीण होऊन येतो. जमिनीवर साचलेले पाणी तर आरशासारखे वागते. गेल्या हिवाळ्यात एका विहारात पहाटेच बादल्या ओतल्या गेल्या होत्या. संगणकावर पाहिले, तर जमिनीच्या जागी भोके पडली होती आणि त्यांखाली खांब उलटे लोंबत होते. आतल्या खोल्यांत वारा खेळत नसल्याने ओल संध्याकाळपर्यंत हटली नाही आणि सारे काम पुन्हा करावे लागले. म्हणूनच ओल दिसल्यास आम्ही यंत्र लावत नाही आणि पावसाळ्यात काम स्वीकारत नाही. झाडून घेण्यास मात्र हरकत नाही. धूळ बसण्यासाठी ते आदल्या संध्याकाळी उरकावे.

काम चालू असताना आम्ही यंत्र वारंवार एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. एवढ्या वेळा ते हलवण्याची गरज काय, असेही विचारले जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपामागचे 7 धरून 37 खांब आहेत. मध्यभागी एकाच जागी यंत्र ठेवले, तर त्या खांबांआड प्रदक्षिणामार्गाचा बराच भाग दिसतच नाही. अशा ठिकाणी अनेक जागांवरून स्कॅन घेऊन ते एकमेकांशी जुळवावे लागतात. त्यासाठी मांडलेले पांढरे गोळे कोणी कुतूहलाने उचलले, तर जुळणी बिघडते. तेवढे मुलांना आधी सांगून ठेवावे.

मोबाइलवरील चित्रीकरण लेणे दाखवते, पण त्यावरून भरवशाचे मोजमाप मिळत नाही. आम्ही टूरसोबत मोजमापांची मूळ फाइलही देतो. पुढे एखादी भेग रुंदावल्याची शंका आली, तर नव्या स्कॅनशी ती ताडून पाहता येते. पायऱ्या चढू न शकणाऱ्या वृद्ध भाविकांनाही घरबसल्या गाभाऱ्यापर्यंतचा मार्ग पाहता येतो, याचे आम्हाला विशेष समाधान आहे.

संरक्षित स्मारकासाठी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी मिळवावी. अर्जासोबतचे तांत्रिक टिपण आम्ही विनामूल्य तयार करून देतो. नित्यपूजा थांबवण्याची आवश्यकता नाही. रोजचा अभिषेक चुकवता येत नसेल, तर तसे आधी कळवावे. त्या दिवशी आम्ही ओसरीपासून सुरुवात करू आणि गाभारा वाळल्याची खात्री करून शेवटी घेऊ.