एनएफएल ड्राफ्टच्या मधल्या फेऱ्या: अंदाज इतका अवघड का, त्याची पार्श्वभूमी

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिच्या टीम दरवर्षी कॉलेजचे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. त्याचा पहिला राउंड बऱ्यापैकी ओळखता येतो. एप्रिल येईपर्यंत वरची पंधरा-वीस नावं सगळ्यांच्या तोंडी झालेली असतात आणि कुणाला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू, हवाय ते काही लपत नाही. पण तिसऱ्या राउंडपासून पाचव्यापर्यंत कोण कुणाला घेणार हे सांगायला बसलं की भलेभले गडबडतात. माझं म्हणणं असं की यात मेहनत कमी पडत नाही, बाहेरच्याला जे दिसतं आणि टीमला आत जे दिसतं त्यातलं अंतर या मधल्या फेऱ्यांतच सगळ्यात मोठं असतं, आणि ते तसं का झालं ते कळायला जरा मागे जावं लागतं.

आयपीएलचा लिलाव बघणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट, इथे बोली नसते. गेल्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम आधी निवडते, आणि कॉलेजचा खेळाडू एकदा निवडला की त्याच्याशी करार करायचा हक्क त्याच टीमचा. सध्या ३२ टीम, ७ राउंड, आणि पिक, म्हणजे निवडीच्या पाळ्या, आपसात बदलता येतात, त्यालाच ट्रेड म्हणतात.

कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेलची, १९३५ मधली. पैसेवाल्या टीम चांगली पोरं उचलून न्यायच्या आणि ईगल्ससारख्या टीम दरवर्षी मार खायच्या, म्हणून त्याने हा उलट्या क्रमाचा मार्ग सुचवला. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला, फळ्यावर ९० नावं, ९ टीम, ९ राउंड, एकूण ८१ निवडी. सगळ्यात आधी निवडलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. खेळाडू हेरणारे पूर्णवेळ स्काउट तेव्हा कुणाकडेच नव्हते, नावं यायची ती पेपरातल्या बातम्यांतून, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-अमेरिका याद्यांतून आणि ओळखीच्या कोचांकडून. चौथ्या-पाचव्या राउंडला आपण नक्की कुणाला घेतोय हे टीमलाच धड माहीत नसायचं, मग बाहेरचा काय अंदाज बांधणार.

हे बदललं रॅम्स या टीममुळे. १९४६ ला त्यांनी एडी कोटलला पूर्णवेळ स्काउट म्हणून ठेवलं आणि तो छोट्या छोट्या कॉलेजांत जाऊन स्वतः खेळाडू बघायला लागला. १९४९ ला ग्रँबलिंग या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेजातला टँक यंगर, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, तो रॅम्सकडे आला आणि गाजला. दुसऱ्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असेल तर खालच्या पिकमध्ये सोनं आहे, हे इथून बाकीच्यांच्या डोक्यात शिरलं.

पण गावोगाव माणसं पाठवायची म्हणजे खर्च, म्हणून १९६३ ला लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स एकत्र आल्या आणि लेस्टो नावाची सामाईक स्काउटिंग संस्था काढली, बेअर्स आल्यावर ती ब्लेस्टो झाली. एकच रिपोर्ट चार टीमच्या टेबलावर. म्हणजे माहिती पसरली तशी ती सगळ्यांची सारखीही झाली, आणि वेगळं काही हवं असेल तर रिपोर्टच्या पलीकडे जाणं आलं.

त्याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे बिल नन. हा पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या पेपरचा क्रीडा संपादक, कृष्णवर्णीय कॉलेजांतले खेळाडू आणि कोच त्याला घरच्यासारखे ओळखायचे, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी तो स्टीलर्ससाठी काम करायला लागला. अलाबामा ए अँड एम मध्ये जॉन स्टॉलवर्थ नावाचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, होता. स्काउट मंडळी त्याच्या धावण्याचा वेग मोजायला गेली तेव्हा मैदान ओलं होतं, ४० यार्डांचा टाइम काही खास आला नाही, बाकीचे पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाला मला बरं वाटत नाहीये, आणि मागे थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने स्टॉलवर्थला कोरड्या जागेवर पळवलं आणि टाइम एकदम चांगला निघाला, जो आता फक्त त्याच्याच वहीत होता. स्टीलर्सच्या माणसांनीच ही गोष्ट पुढे कितीदा तरी सांगितली आहे. १९७४ च्या ड्राफ्टला कोच चक नोलला स्टॉलवर्थ वरच घ्यायचा होता, स्टीलर्सकडे तिसऱ्या राउंडचा पिकही नव्हता, पण ननने खात्री दिली की चौथ्यापर्यंत तो टिकेल, आणि तो ८२ व्या नंबरला मिळाला. त्याच वर्षी पाचव्या राउंडला माइक वेबस्टर. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, आणि २०२१ ला ननही. अंदाजाचं कौशल्य बघायचं तर ते इथे आहे, कारण नन दोन अंदाज बांधत होता, एक पोरगा किती चांगला आहे याचा आणि दुसरा बाकीच्यांना तो किती चांगला वाटतो याचा.

याच्या आधीच डॅलस काउबॉइज दुसऱ्या वाटेने निघाले होते आणि त्या वाटेवर एक भारतीय माणूस आहे, जे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉइजचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम आणि स्काउटिंग प्रमुख गिल ब्रँट यांना खेळाडूंचं मोजमाप कॉम्प्युटरवर करायचं होतं, आणि ते काम आलं आयबीएमच्या उपकंपनीतल्या सलाम कुरेशींकडे. हे अलीगढला शिकलेले संख्याशास्त्रज्ञ, क्रिकेट माहीत पण अमेरिकन फुटबॉलची काहीच माहिती नाही. कोच लोक ज्या ढीगभर गुणांबद्दल बोलायचे ते गाळत गाळत स्वभाव, चपळाई, जिद्द, डोक्याची तयारी आणि ताकद अशा मोजक्या मोजपट्ट्यांवर आणले गेले, आणि स्काउटांना प्रत्येकावर आकडा द्यावा लागला. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट झाली, वेगवेगळ्या पोझिशनचे खेळाडू एकाच यादीत वरखाली लावता यायला लागले, ज्याला आज सगळे बोर्ड म्हणतात.

आणि बोर्ड असूनही माणूस शेवटी माणूसच. १९७९ च्या तिसऱ्या राउंडला काउबॉइजची पाळी आली तेव्हा त्यांच्या यादीत सगळ्यात वर उरलेलं नाव होतं क्वार्टरबॅक जो मोंटाना. पण त्यांच्याकडे स्टॉबॅक होता, डॅनी व्हाइट होता, अजून एक तरुण क्वार्टरबॅक होता, म्हणून त्यांनी ७६ व्या नंबरला डग कॉस्बी हा टाइट एंड, म्हणजे दुसऱ्याच पोझिशनचा खेळाडू, घेतला. सहा पिकनंतर, परत ८२ व्याच नंबरला, मोंटाना सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पुढे त्यांना चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकून दिल्या. काउबॉइजचा बोर्ड कुणी चोरून आणला असता तरी त्यांचा तो पिक चुकलाच असता.

मग टीव्ही आला. नवीनच सुरू झालेल्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने १९८० चा ड्राफ्ट लाइव्ह दाखवला, कमिशनर पीट रोझेलला हे कोण बघणार असाच प्रश्न पडला होता. ड्राफ्टचा जाणकार मेल कायपर पडद्यावरचा चेहरा झाला, पण मधल्या फेऱ्यांचा खरा वेड लागलेला माणूस म्हणजे ब्रुकलिनचा जोएल बुक्सबॉम, जो प्रो फुटबॉल वीकलीसाठी छोट्याशा फ्लॅटमध्ये बसून टेप बघत आणि फोन करत शेकडो खेळाडूंवर लिहायचा. बिल बेलिचिकसारखा कोच त्याला मानायचा. २००२ ला तो गेला. पाचव्या राउंडच्या पोराबद्दलही चार ओळी नीट लिहायला हव्यात ही सवय त्याच्यासारख्यांनी लावली.

दरम्यान ड्राफ्टच आक्रसत गेला, १९६७ ला १७ राउंड, १९७७ ला १२, १९९४ पासून ७. त्यामुळे मधला राउंड म्हणजे काय तेच बदललं, १९६४ ला २० राउंडच्या ड्राफ्टमध्ये रॉजर स्टॉबॅक दहाव्याला गेला तो खरा तेव्हाचा मध्य. १९९४ पासूनच कॉम्पेन्सेटरी पिक आले, म्हणजे फ्री एजन्सीत (करार संपून दुसऱ्या टीमकडे जाऊन) गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात तिसऱ्या ते सातव्या राउंडच्या शेवटी मिळणारे जादा पिक, ज्याचा पूर्ण फॉर्म्युला लीग जाहीर करत नाही. २०१७ पासून तेही ट्रेड करता येतात. त्यात १९९१ च्या सुमाराला काउबॉइजनीच बनवलेला पॉइंट्सचा तक्ता, पहिला पिक ३००० आणि शंभरावा पिक १०० पॉइंट्स, त्यामुळे ट्रेडचा हिशोब सोपा झाला आणि क्रम सारखा हलायला लागला. अंदाज करणाऱ्याला आता नावाआधी हेच सांगावं लागतं की त्या नंबरला कोणती टीम असेल.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासात तर असं दिसलं की एकाच पोझिशनचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधीचा जास्त चांगला निघायची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपासच असते. टीमच जिथे जवळजवळ नाणेफेकीवर आहेत तिथे त्यांच्या आवडीनिवडी एकमेकींपासून लांब जाणारच. शिवाय कंबाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामाईक चाचणी शिबिराच्या, मेडिकल तपासण्या टीमना मिळतात, आपल्याला नाही, आणि एका गुडघ्याच्या रिपोर्टने पोरगा दोन राउंड खाली येतो.

२०१६ चं डॅक प्रेस्कॉट या क्वार्टरबॅकचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं. काउबॉइजना आधी पहिल्याच राउंडला वर येऊन पॅक्स्टन लिंच हा क्वार्टरबॅक घ्यायचा होता, ट्रेड जमला नाही. मग चौथ्या राउंडला १०१ व्या नंबरला कॉनर कुक हा क्वार्टरबॅक घ्यायचं ठरलं, तर रेडर्सनी ट्रेड करून बरोबर १०० वा पिक मिळवला आणि कुकला उचललं. मग १३५ व्या नंबरला, तोही कॉम्पेन्सेटरी पिक, प्रेस्कॉट. काउबॉइज क्वार्टरबॅक घेणार हे बरोबर सांगणारे होतेच, पण नाव आणि नंबर दोन्ही आदल्या दिवशी खुद्द काउबॉइजनाही सांगता आले नसते.

म्हणून मधल्या फेऱ्यांवर गंभीरपणे काम करणारे आता एक नाव एक नंबर असं करत नाहीत. बऱ्याच जणांचे बोर्ड एकत्र करून सरासरी काढतात, टीमने कुणाला स्वतःच्या ऑफिसात भेटीला बोलावलं त्या ३० जणांची यादी जमवतात, सिनियर बोलला (कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी मॅचला) कोणता कोच कुणाशी बोलत होता ते बघतात, आणि मग म्हणतात की हा पोरगा ९० ते १३० मध्ये जाईल आणि या चार टीमपैकी एकीकडे. २०१० पासून ड्राफ्ट तीन दिवसांचा झालाय, चौथा राउंड शनिवारी सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री उरलेली नावं बघून टीमही आपले बोर्ड परत लावतात, आणि सगळ्यात उपयोगी अंदाज त्या एका रात्रीतच बनतात.