मिडसाईज सेडान नवी घ्यायची की सेकंड हँड? पात्रता, कागदपत्रं आणि आरटीओची पूर्ण प्रक्रिया

घरात चार-पाच माणसं, मागच्या सीटवर आई-बाबा नीट बसले पाहिजेत, गणपतीला गावी जाताना डिकीत सगळ्यांच्या बॅगा मावल्या पाहिजेत आणि बजेट दहा-बारा लाखांच्या आसपास, अशा प्रत्येक घरात सध्या हाच प्रश्न चालू असतो की नवी छोटी गाडी घ्यायची का त्याच पैशात तीन-चार वर्ष वापरलेली सिटी, वर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया अशी मोठी सेडान घ्यायची. मायलेज, सनरूफ, रिसेल यावर सगळे बोलतात, पण गाडी आपल्या नावावर येईपर्यंत काय काय लागतं हे कोणी नीट सांगत नाही. माझं ठाम मत आहे की सेकंड हँडमध्ये गाडी आवडण्याच्या आधी कागद बघायचे, आणि कागद स्वच्छ असलेली गाडी पन्नास हजार महाग मिळाली तरी तीच घ्यायची.

आधी टॅक्सचा हिशोब, कारण नवी का जुनी हे बऱ्याचदा इथेच ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, म्हणून डिझायर, अमेझ, ऑरा या छोट्या सेडान स्वस्त झाल्या. सिटी, वर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया या सगळ्या चार मीटरच्या वर जातात त्यामुळे त्यांना ४० टक्के, आणि व्हर्टसचं छोटं एक लिटरचं इंजिन घेतलं तरी सुटका नाही कारण लांबीची अट मोडतेच. त्यावर महाराष्ट्राचा वन टाईम टॅक्स, वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडी असेल तर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के. म्हणजे १२ लाखांच्या गाडीवर १,४४,००० नुसता रोड टॅक्स. किंमत १० लाखांच्या वर गेली की शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, पण घेतं, तो मात्र तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, खूप लोक तो विसरूनच जातात, तसं करू नका. सेकंड हँडमध्ये हा सगळा टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि राज्यातल्या राज्यात ट्रान्सफरला तो परत भरावा लागत नाही, जुन्या सेडानचा खरा फायदा हा आहे. सियाझ तर २०२५ मध्ये बंदच झाली, ती हवी असेल तर सेकंड हँडशिवाय रस्ता नाही.

नव्या गाडीचं काम सोपं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो एवढं तुम्ही द्यायचं, भाड्याने राहत असाल तर रजिस्टर केलेला भाडेकरार. फॉर्म २० म्हणजे रजिस्ट्रेशनचा अर्ज, २१ म्हणजे विक्रीचा दाखला, २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला, हे सगळं डीलरच ऑनलाईन चढवतो. थर्ड पार्टी इन्शुरन्स तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो पण तो शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही, बाहेरून दोन-तीन कोटेशन आणा, फरक दिसेल. नंबर प्लेट लागल्याशिवाय डिलिव्हरी घेऊ नका.

नोकरी बदलीची असेल तर बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा भारत सिरीजचा नंबर, मिळतो का बघा. केंद्र किंवा राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदल, सरकारी कंपन्या, आणि खाजगीत असाल तर तुमच्या कंपनीची ऑफिसं किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असली पाहिजेत, तसा फॉर्म ६० मध्ये कंपनीचा दाखला लागतो. यात टॅक्स एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. पुण्यातून बंगळुरू, तिथून गुडगाव असं फिरणाऱ्यांनी हाच घ्यावा, नाहीतर प्रत्येक राज्यात नव्याने टॅक्स भरून जुन्या राज्याकडे रिफंड मागत बसावं लागतं.

आता सेकंड हँड, खरं काम इथेच आहे.

टोकन द्यायच्या आधी गाडीचा नंबर परिवहनच्या पोर्टलवर नाहीतर एमपरिवहन ॲपमध्ये टाका. कितवा मालक, रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, फायनान्सचा बोजा (गाडीवरच्या लोनची नोंद) आहे का, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का, हे सगळं दिसतं. ई-चलन वेगळं चेक करायचं, मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर नेहमी जाणारी गाडी असेल तर स्पीडची चलनं साठलेली असू शकतात आणि ती विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यायची, नंतर बघू म्हणाला तर नाही म्हणा. आरसीवरचा, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवरचा, चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवा. सर्व्हिस हिस्ट्री अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून तिथले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का बघा, चार वर्षांपूर्वी ६० हजार आणि आज ५५ हजार असा प्रकार तिथेच पकडला जातो. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा, स्टेपनीच्या खोबणीत गंज बघा आणि विकणाऱ्याकडे इन्शुरन्स क्लेमची हिस्ट्री मागा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी रजिस्टर झालेली गाडी असेल तर तिला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली पाहिजे. महाराष्ट्रात ती नसेल तर आरटीओत ट्रान्सफर, बोजा चढवणे-उतरवणे ही कामं अडतात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढाच खर्च आहे, पण अपॉइंटमेंटला वेळ जातो, त्यामुळे व्यवहार ठरतानाच विकणाऱ्याला ती बसवून घ्यायला सांगा.

बोजा म्हणजे एचपी (हायपोथिकेशन), गाडीवर बँकेचा हक्क असल्याची आरसीवरची नोंद. लोन नील झालंय असं विकणारा तोंडी सांगतो आणि ते खरंही असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं कारण ते काढायचं राहून गेलेलं असतं. त्यासाठी बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि बहुतेक बँकांच्या एनओसीवर तीन महिन्यांची मुदत असते, जुनी एनओसी कपाटातून काढून दिली तर ती चालत नाही, नवीन आणावी लागते. लोन अजून चालू असेल तर विकणाऱ्याच्या हातात पैसे न देता बँकेकडून लोन बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्या आणि तेवढे पैसे थेट लोन खात्यात भरा, उरलेले मालकाला. यात विकणाऱ्याला वाईट वाटायचं काही कारण नाही.

मुख्य फॉर्म दोन. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, गाडी मी अमुक माणसाला विकली अशी सूचना, दोन प्रती. फॉर्म ३० घेणाऱ्याचा, गाडी माझ्या नावावर करा असा अर्ज. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, तेही घेणाऱ्याच्या पत्त्याच्या आरटीओत. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, दोघांचे पॅन, आधार आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, आणि बोजा काढायचा असेल तर वर सांगितलेली एनओसी नि फॉर्म ३५. अर्ज वाहन पोर्टलवर ऑनलाईन भरायचा, फी ऑनलाईन भरायची, मग आरटीओत कागद तपासले जातात आणि बोलावलं तर गाडी दाखवायला न्यावी लागते. कारची ट्रान्सफर फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० एवढीच सरकारी रक्कम आहे, लोन काढून घेत असाल तर बोजा चढवायचे १५०० वेगळे. एजंटकडून काम करून घेणार असाल तर हे आकडे लक्षात ठेवा आणि सरकारी पावती वेगळी, त्याची मजुरी वेगळी असा हिशोब मागा.

हमखास अडतं ते मोबाईल नंबरवर. अर्जाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो आणि जुन्या गाडीला बऱ्याचदा बंद पडलेला नाहीतर शोरूमच्या सेल्समनने टाकलेला नंबर असतो, तो विकणाऱ्याने आधीच अपडेट करून ठेवला पाहिजे. मुलगा अमेरिकेत, गाडी त्याच्या नावावर, पुण्यात आई-वडील विकतायत, अशा गाड्या भरपूर असतात आणि त्या चांगल्याही असतात कारण कमी चाललेल्या असतात, पण तिथे ओटीपी आणि सही दोन्ही त्याचीच लागणार, तो सुट्टीला येईल तेव्हाच सह्या उरका नाहीतर नीट केलेलं मुखत्यारपत्र आहे का ते बघा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लेटरहेडवर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि शिक्का लागतो. आणि मालक वारला असेल तर फॉर्म २९ वर दुसऱ्या कोणाची सही चालतच नाही, आधी वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर करायची, आणि मग तुम्हाला विकायची. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा असा नियम आहे. आरसीला नॉमिनी जोडायची सोय आता आहे, तुमच्या नव्या गाडीला तो जोडाच, मागे राहणाऱ्यांची धावपळ खूप वाचते.

दुसऱ्या राज्यातली गाडी, खास करून दिल्ली पासिंग, इथे फार स्वस्तात मिळते कारण तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. तिला फॉर्म २८ ची एनओसी तिकडच्या आरटीओची पाहिजे, इथे नवीन एमएच नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त तसंच दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथे ठेवता येत नाही. टॅक्स धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच कमी होते, त्यामुळे कुटुंबाच्या रोजच्या गाडीसाठी मी ही भानगड सुचवणार नाही. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडीही नको, तिथे रजिस्ट्रेशन रिन्यू करायचीच फी ५००० आहे, २० वर्षांच्या वर १०,००० आणि ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं. मालक डीलरला गाडी देतो तेव्हा फॉर्म २९सी ने ऑनलाईन कळवायचं असतं आणि तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. हे तुम्ही तुमची जुनी गाडी एक्सचेंजला देताना सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे चार हातांत फिरलेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून कोरे सही केलेले फॉर्म देऊन मोकळं व्हायचं नाही, तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट घ्या, फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव भरलेलं पाहिजे, आणि दर आठवड्याला पोर्टलवर नाव बदललं का ते बघत रहा.

इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, जुना मालक त्याचा बोनस घेऊन जातो आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते, ती किंमत ठरवतानाच धरा. तुमची आधीची गाडी विकली असेल तर तुमचाही बोनस कंपनीकडून सर्टिफिकेट घेऊन तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायचा, तुम्ही तुमच्या केवायसीवर नवीन घ्यायचा, काचेवर आहे तोच चालू ठेवला तर टोल त्याच्या खात्यातून जात राहतो आणि नंतर उगाच वाद होतात.

पैशांचं म्हणाल तर सगळी रक्कम एकदम देऊ नका. टोकन, मग कागद नि चाव्या घेताना मोठा भाग, आणि पंचवीस-तीस हजार तरी नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचे, हे व्यवहाराच्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून घ्यायचं म्हणजे विकणाराही निर्धास्त राहतो. स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी येतं, त्यावर नावाचं स्पेलिंग, पत्ता, चासी नंबर तपासा, फायनान्सच्या रकान्यात जुन्या बँकेचं नाव उरलेलं नाही ना ते बघा, आणि मग उरलेले पैसे द्या.